वेलांटीकाकांची वेल

टॅक्सी खाली येऊन उभी होती, टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता, आणि काकू एक पाय घरात आणि एक पाय जिन्यावर ठेवून वेलीबद्दल सूचना देत होत्या.

"पाणी रोज घालायचं नाही. बोट खुपसून बघायचं, माती कोरडी लागली तरच घालायचं. कुंडी बदलायची नाही, तिला अडचणीतच राहायला आवडतं. खिडकीपासून हलवायची नाही. आणि हे बघा, त्या पानं नसलेल्या बारक्या काड्या आहेत ना, त्या तेवढ्या..."

पुन्हा हॉर्न वाजला. काकूंच्या वाक्याचं क्रियापद त्या हॉर्नखाली गेलं. काकांनी मान डोलावली, कारण त्यांच्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात बॅग होती आणि डोक्यात पासपोर्ट होता. टॅक्सी सुटताना काकूंनी काच खाली केली. "कळ्या आल्या की कळवा. असेन तिथून टाकोटाक येते," त्या हसत म्हणाल्या. मग टॅक्सी वळली.

काका आयुष्यभर एका छापखान्यात प्रूफं तपासत होते. पहिल्या वेलांटीची दुसरी आणि दुसरीची पहिली करण्यात त्यांची उमेद गेली, म्हणून छापखान्यातले लोक त्यांना वेलांटीकाका म्हणू लागले आणि पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. निवृत्त झाल्यावर छपाईचे खिळे सुटले, पण खोड सुटली नाही. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, लग्नाची आमंत्रणं, सगळ्यांवर त्यांची लाल पेन्सिल फिरे. काकूंनी लिहिलेली वाणसामानाची यादीसुद्धा ते दुरुस्त करूनच दुकानात नेत. "'जिरे' बरोबर लिहिलं म्हणून ते स्वस्त मिळतं का?" असं काकू विचारत. काका म्हणत, "स्वस्त नाही, पण शुद्ध मिळतं."

अशा माणसापुढे अर्धवट वाक्य ठेवणं धोक्याचं असतं. काकू सुनेच्या बाळंतपणासाठी विमानात बसल्या आणि इकडे काका वेलीपुढे खुर्ची टाकून बसले. वेल दुर्मिळ जातीची होती. मेणाने घडवल्यासारखी जाड पानं, कडेला गुलाबी झाक. काकूंच्या एका मैत्रिणीने गाव सोडताना तिचं बोटभर कांडं दिलं होतं, आणि ते काकूंनी वर्षानुवर्षं जिवापाड जपून खिडकीच्या कमानीवर चढवलं होतं. फूल मात्र अजून एकही आलं नव्हतं. त्या हिरव्यागार मजकुरात चार-पाच उघड्या काड्या, शाई गळून उमटलेल्या रेघांसारख्या, उगाचच बाहेर आल्या होत्या. 'त्या तेवढ्या' काय करायच्या? काकांनी सगळी क्रियापदं लावून पाहिली. एकच नीट बसलं. त्यांनी कात्री आणली आणि त्या तेवढ्या काढून टाकल्या. वेल कशी सुबक दिसू लागली.

काकू तीन महिन्यांसाठी गेल्या होत्या. नात झाली. मग तिला मान धरेपर्यंत थांबू म्हणाल्या. मग सुनेची रजा संपली. मग नातीला दात येऊ लागले, ती रात्रभर रडे आणि फक्त आजीच्या खांद्यावर झोपे. दर वेळी मुलगा फोनवर विचारी, "बाबा, आई अजून थोडी राहिली तर चालेल ना? तुमचं कसं चाललंय?" आणि दर वेळी काका म्हणत, "राहू दे की. माझं उत्तम चाललंय."

उत्तम म्हणजे काय, तर काका दुपारचं जेवण सकाळीच उरकून टाकत, म्हणजे दुपारी टेबलापाशी एकट्याने बसावं लागत नसे. संध्याकाळी ते वेलीची माती चाचपून बघत. ती ओली असली तर त्यांना वाईट वाटे, कारण मग करायला काहीच उरत नसे. कधी ते बोलत असत, दोन वाक्यं झाल्यावर लक्षात येई की आपण बोलतोय ते स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, आणि तिथे दिवाही लावलेला नाही.

काकूंचे निरोप फोनवर येत. 'मि ठिक आहे. तुम्हि निट जेवता ना.' सुरुवातीला काकांचा हात पेन्सिलीकडे जाई. पुढे पुढे जाईनासा झाला. एकदा काकूंच्या नावाने एक अगदी शुद्ध निरोप आला, एकही चूक नसलेला. तो सुनेने लिहिला होता. काकांना तो वाचून इतकं परकं वाटलं की त्यांनी जुने निरोप काढले आणि सगळ्या चुका पहिल्यापासून पुन्हा वाचल्या.

आठव्या महिन्यात एका दुपारी काकूंचा व्हिडिओ फोन आला. नात झोपली होती. काकूंना बोलायला सवड होती.

"काय हो, काड्यांना कळ्या आल्या का?"

"कुठल्या काड्यांना?"

"अहो, त्याच. बिनपानांच्या. फुलं फक्त त्यांच्यावरच येतात. एकदा आली की दरवर्षी त्याच काडीवर. म्हणून तर जाताना बजावलं तुम्हाला, त्या तेवढ्या सांभाळा, हात लावू नका."

क्रियापद आठ महिन्यांनी पोचलं होतं. काकांनी खिडकीतल्या सुबक वेलीकडे पाहिलं. पडद्यावर काकू वाट पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, खांद्यावर नातीचं फडकं होतं, पण वेलीचं विचारताना त्यांचा चेहरा कसा उजळला होता. एवढ्या उजळलेल्या चेहऱ्याला खरं सांगणं काकांना जमलं नाही.

"आल्यात वाटतं," ते म्हणाले.

"आल्यात? वाटतं म्हणजे?"

"म्हणजे आल्यात. बारीक आहेत अजून."

"दाखवा ना मग."

"आत्ता? आत्ता अंधार आहे."

"तुमच्याकडे दुपार ना?"

"दुपारच आहे. पण भरून आलंय."

"मग फोटो पाठवा, उजेड आला की," काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यात नात उठली.

दुसऱ्या दिवशी काका वेलीचं एक पान कागदात गुंडाळून रोपवाटिकेत गेले. रोपवाटिकेचा मालक खुरपं बाजूला ठेवून त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिला.

"काड्या कापल्या म्हणता?"

"कापल्या."

"कोणी सांगितलं कापायला?"

"कोणी सांगितलं नाही. मला वाटलं."

"मग आता वाट बघा. नवीन काड्या फुटायला वर्ष लागेल, दोन लागतील. तिच्या मनात असलं तर." मग त्याला काकांची दया आली असावी. "फुललेली बघायचीच असेल तर बाजाराच्या कोपऱ्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्या दवाखान्यात अशीच आहे. माझ्या माहितीत दुसरी तेवढीच. सध्या कळ्यांनी लगडलीय म्हणे."

दवाखान्यात शिरल्या शिरल्या वेल दिसली. बसायच्या खोलीत, खिडकीला लागून, तारेच्या कमानीवर. तिच्या एकेका उघड्या काडीच्या टोकाला गुलाबी कळ्यांची छोटी छत्री लटकत होती. एकेक कळी म्हणजे इवलीशी मिटलेली चांदणी. वेलांटीकाका कुठल्याही खोलीत शिरले की आधी भिंती वाचत. इथे त्यांनी एक अक्षर वाचलं नाही. काकू इथे असत्या तर त्यांनी काय केलं असतं, तेच त्यांना दिसत होतं. आधी चष्मा वर केला असता, मग दोन्ही हात पाठीमागे बांधले असते, चुकून हात लागू नये म्हणून.

"काका, काय तक्रार आहे?" टेबलामागच्या मुलीने विचारलं.

"तक्रार काही नाही. वेल बघायला आलोय."

"इथे दात बघतात."

काकांनी वेलीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "दाढ दुखतेय," ते म्हणाले.

"वरची की खालची?"

"वरची."

"डावी की उजवी?"

"डावी," काका म्हणाले. पहिली वेलांटी डावीकडे असते, त्या सवयीने.

नाव लिहून मुलगी आत गेली, तेवढ्यात काकांनी घाईघाईने वेलीचा फोटो काढून घेतला. आत डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा घातला आणि तो इकडून तिकडे फिरवला.

"किती दिवसांपासून दुखतेय?"

"आजच. मघापासून."

"कमाल आहे तुमची. वरची डावी दाढ आतून पार पोखरलीय. मला तर वाटलं, वर्षभर अंगावर काढलंत." त्यांनी आरसा काढला. "मुळापर्यंत जावं लागेल. चार-पाच वेळा यावं लागेल. चालेल?"

"चालेल," काका इतक्या आनंदाने म्हणाले की डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चार-पाच वेळा म्हणजे चार-पाच वेळा बसायच्या खोलीत बसायला मिळणार होतं. घरी पोचेपर्यंत दाढ खरोखरच दुखू लागली. खोटं इतक्या लवकर खरं झाल्याचा त्यांचा हा पहिलाच अनुभव होता.

गालावर हात ठेवून त्यांनी फोटो काकूंना पाठवून दिला. बराच वेळ काही आलं नाही. मग उत्तर आलं. 'बघीतला. छान आहे. तिकिट काढलं. पूढच्या शनीवारी पोचते.'

काकांनी निरोप पुन्हा पुन्हा वाचला. चारही चुका जिथल्या तिथे होत्या. ते उठले, काकूंच्या कपाटावरची धूळ पुसली, मग सगळ्या घराची पुसली. पुसत पुसत खिडकीपाशी आले आणि समोर आपली वेल उभी, हिरवीगार, सुबक आणि बिनकाड्यांची. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की काकू येणार त्या कळ्या बघायला.

पुढच्या खेपेला ते मनाशी ठरवून गेले होते. डॉक्टरीणबाईंनी हिरडीत भुलीची सुई दिली आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबू. जड झालं की सुरू करू."

"डॉक्टर, एक विनंती होती," काका म्हणाले. "ती बाहेरची वेल."

डॉक्टरीणबाई एकदम खुलल्या. "आवड आहे तुम्हाला?"

"माझ्या बायकोची अशीच आहे. तिने फार जीव लावला होता. पण फूल काही बघायला मिळालं नाही तिला."

"का बरं?"

"ती गेली. आणि मागे मला नीट सांभाळता आली नाही."

डॉक्टरीणबाईंनी हातातली वस्तू अलगद ट्रेमध्ये ठेवली. "कधी गेल्या?"

"झाले आता आठ महिने."

"एकाएकी?"

"छे. तारीख डॉक्टरांनी आधीच सांगितली होती. त्याप्रमाणे तयारी केली सगळी." सुनेच्या बाळंतपणाची तारीख काकांच्या डोळ्यांपुढे होती. ओठ आता जाड होऊ लागला होता.

"शेवटी काही बोलल्या का हो?"

"वेलीबद्दलच बोलत होती. वाक्य अर्धं राहिलं." काकांना तो हॉर्न आठवला. "म्हणाली, कळ्या आल्या की कळवा. असेन तिथून येते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. टेबलामागची मुलगी काही विचारायला दारात आली होती, ती तिथेच थबकली.

"वेल मला एक-दोन दिवस घरी हवी होती," काका जाड ओठांनी म्हणाले. "शनिवारसाठी."

"काका, कळ्या असताना ती हलवली की रुसते. कळ्या गाळून टाकते. माझ्या सख्ख्या बहिणीने समारंभासाठी मागितली होती, तिलासुद्धा मी नाही म्हटलं." डॉक्टरीणबाईंनी नाक पुसलं. "पण तुम्हाला देते. शुक्रवारी सकाळी स्वतः आणून देते. आणि सांगते तुम्हाला, त्यांचा आत्मा येईल बघा फुलं बघायला."

आत्मा म्हटल्यावर काकांना सगळं पान एकदम दिसलं, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. ते ताडकन उठू लागले. पण तोवर तोंडात कापूस गेला होता, ओठ हरवला होता आणि कानाशी यंत्र घरघरू लागलं होतं. "आं आं," ते म्हणाले.

"रडू येतंय का? येऊ द्या. फक्त जीभ हलवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काम संपल्यावर त्यांनी कापूस बदलला आणि बजावलं, "आता तासभर अजिबात बोलायचं नाही." खरं तर एवढा छोटा खुलासा कागदावरही लिहून देता आला असता. लाल पेन्सिल खिशातच होती. काकांनी खिशाला हात लावला. मग बसायच्या खोलीतून जाताना त्यांनी त्या गुलाबी छत्र्या पाहिल्या आणि हात खिशातून तसाच बाहेर काढला. इतक्या वर्षांत समोर चूक दिसत असताना त्यांनी ती तशीच पुढे जाऊ दिली, असं कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी काकांनी आपली वेल कमानीवरून सोडवली आणि कुंडी छातीशी धरून न्हाणीघरात नेऊन लपवली. गाल सुजून टम्म झाला होता. हात धुताहेत तोच दाराची घंटा वाजली. डॉक्टरीणबाई वेळेच्या पक्क्या दिसतात, असं म्हणत त्यांनी दार उघडलं. दारात काकू उभ्या होत्या.

"आदल्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, उद्यापर्यंत कशाला थांबा."

काका बाजूला सरले. काकांनी बॅगा आत घेतल्या, मग बाहेर ठेवल्या, मग पुन्हा आत घेतल्या. काकूंनी भिंतीवरून हात फिरवला, खुर्चीच्या पाठीवरून फिरवला, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन दिवा लावला. दिवसाढवळ्या त्याची काही गरज नव्हती.

"गाल का सुजलाय?"

"दाढ."

"फोनवर बोलला नाहीत ते?"

"तू म्हणाली असतीस, डॉक्टरकडे जा."

"मग?"

"जातोच आहे," काका म्हणाले.

काकू खिडकीपाशी आल्या. कमान रिकामी होती. खाली फरशीवर कुंडीचा गोल डाग तेवढा होता.

"वेल कुठाय?"

"आंघोळीला गेलीय."

"काय?"

"पानांवर धूळ होती. म्हणून न्हाणीघरात ठेवलीय."

काकू काही म्हणणार, इतक्यात पुन्हा घंटा वाजली. या वेळी दार काकूंनी उघडलं. बाहेर डॉक्टरीणबाई होत्या, आणि त्यांच्यामागे दवाखान्यातली ती मुलगी. दोघींनी मिळून तारेच्या कमानीसकट वेल धरली होती, आणि अंगावर पांढरे कपडे घातले होते.

"काका आहेत?" डॉक्टरीणबाईंनी खालच्या आवाजात विचारलं. "आपण त्यांच्या कोण?"

"मी बायको."

डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या मागे पडलेल्या दोन मोठ्या बॅगा पाहिल्या. मग काकांकडे पाहिलं. काका भिंतीला टेकून उभे होते, आणि भिंत त्यांना आत घेत नव्हती.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "आजच आलात वाटतं राहायला. अभिनंदन हं. नवीन घर, नवीन सगळं. जमेल हळूहळू."

"नवीन कसलं? तीस वर्षं झाली की आमच्या लग्नाला."

डॉक्टरीणबाईंच्या हातातली कमान एका बाजूला कलली. "म्हणजे त्या असतानाच?"

"कोण त्या?"

"यांच्या पहिल्या मिसेस. आठ महिन्यांपूर्वी गेल्या त्या."

"आठ महिन्यांपूर्वी मीच गेले होते," काकू म्हणाल्या.

"मॅडम, ही खाली ठेवू का? जड आहे," मागून मुलगी म्हणाली.

वेल खाली ठेवली गेली, डॉक्टरीणबाई खुर्चीत बसवल्या गेल्या आणि काकूंनी त्यांना पाणी दिलं. काका मधोमध उभे राहिले. सुजलेल्या गालातून त्यांनी सगळं सांगितलं, हॉर्नपासून कात्रीपर्यंत आणि कात्रीपासून दाढेपर्यंत. "मी खोटं बोललो नव्हतो हो," शेवटी ते म्हणाले. "फक्त 'परदेशी' हा एक शब्द सांगायचा राहिला. आणि मग राहू दिला."

"एक शब्द," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, त्या एका शब्दापायी दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मी माझ्या नवऱ्याला म्हटलं, बघा, माणसं बायकोवर कसा जीव टाकतात. तो बिचारा त्या दिवसापासून रोज भांडी घासतोय." त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. काकूही हसायला लागल्या. काकांना हसता येत नव्हतं, गाल दुखत होता.

"वेल आता इथेच राहू दे महिनाभर," निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "परत हलवली तर जिवालाच लावून घेईल. आणि काका, सोमवारी या. दाढ पुरी करायचीय. या खेपेला भूल देईनच असं नाही."

त्या गेल्या. काकूंनी चष्मा वर केला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि त्या कळ्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. काका त्यांच्याकडे पाहत उभे राहिले.

"फोटोतली हीच ना?" काकूंनी विचारलं.

"तुला कळलं होतं?"

"वेलीखाली पाटी होती हो. 'वेलिला हात लावू नये.' 'वेलिला', पहिली वेलांटी. तुम्ही या घरात असताना तशी पाटी भिंतीवर टिकली असती का? मला एवढं तुमच्यामुळे येतं."

प्रूफं तपासता तपासता म्हातारा झालेला माणूस आपणच पाठवलेला फोटो तपासायला विसरला होता. काका खुर्चीत बसले.

"मग तिकीट कशाला काढलंस?"

एका कळीवर धागा अडकला होता, तो काकूंनी फुंकर घालून उडवला.

"निघायला काहीतरी कारण लागतं," त्या म्हणाल्या. "मुलगा म्हणायचा, राहा. सून म्हणायची, राहा. ती चिमुरडी तर गळ्याची मिठीच सोडायची नाही. मी म्हणावं, अरे, तुझे बाबा एकटे आहेत, की तुम्ही फोनवर म्हणणार, माझं उत्तम चाललंय. मग मी कोणत्या तोंडाने निघू? तेवढ्यात तुमचा फोटो आला. मी सगळ्यांना सांगितलं, वेल फुलतेय, इतकी वर्षं वाट बघितली, आता जायलाच हवं. त्यावर कोणाला काही बोलता येईना."

"मला वाटलं, तुला राहायचंय."

"आणि मला वाटलं, तुमचं खरंच उत्तम चाललंय. एकदा नुसतं 'ये' म्हणाला असतात." काकू त्यांच्याकडे वळल्या. "एक अक्षर. वर एक मात्रा. तेवढीही सुटली तुमच्याकडून?"

"सुटली खरी," काका म्हणाले. मग जरा वेळाने, सुजल्या तोंडाने, शक्य तितकं स्पष्ट, ते म्हणाले, "ये."

"आलेय," काकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी उठून पाहतात तो वेल रुसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं होतं. एकूण एक कळी गळून फरशीवर पडली होती, चांदण्यांचा सडा पडल्यासारखी, आणि वर नुसत्या उघड्या काड्या राहिल्या होत्या. काकूंनी डॉक्टरीणबाईंना फोन करून चाचरत सांगितलं. तिकडून उत्तर आलं, "मला ठाऊकच होतं. काड्या शाबूत आहेत ना? मग पुढच्या वर्षी येतील. तुमच्या काकांच्या हाती कात्री लागू देऊ नका, म्हणजे झालं."

काका गुडघ्यांवर बसले आणि एका बशीत कळ्या वेचू लागले. टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ फोन आला. काकू खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसल्या. पडद्यावर नात होती. ती आजीला बघून हात पुढे करत होती आणि तिचा हात काचेला लागून परत जात होता. काकूंनीही आपलं बोट काचेवर टेकवलं. थोडा वेळ दोघी तशाच होत्या.

"आई, ही सारखी रांगत तुझ्या खोलीत जाऊन बघते गं," मुलगा म्हणाला. "उशी ओढून बघते. तू परत कधी येतेस? वेल तर बघून झाली ना? पुढच्या महिन्याचं तिकीट काढू?"

काकूंनी पदराने काच पुसली. काच स्वच्छच होती.

"इतक्यात कसं जमेल रे," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे फुलायला लागलीय. अशात सोडून निघता येत नाही. तुम्हीच या तिला घेऊन."

"अशी किती दिवस फुलते गं ती?"

काकूंनी वरच्या उघड्या काड्यांकडे पाहिलं. मग खाली, खुर्चीच्या पायापाशी अडकलेली कळी काढण्यासाठी फरशीवर जवळजवळ आडव्या झालेल्या काकांकडे पाहिलं.

"काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "लक्ष द्यावं लागतं."